शेवटपर्यंत फियाटच : कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचा प्रकरण अभ्यास

२९ ऑक्टोबर २००३ या दिवशी ताडदेवच्या आरटीओत एक प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. तिच्यानंतर दुसरी पद्मिनी टॅक्सी नोंदवायला आली नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. ती ऑक्टोबर २०२३ संपताना भरली आणि शहराच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उतरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर आठवणींना पूर आला होता. पुढची सलग सीट, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, डाव्या अंगाला बाहेर बसवलेलं लोखंडी मीटर, छताला चिकटवलेलं फुलाफुलांचं रेक्झिन. या सगळ्या आठवणी माझ्याही आहेत. घरातला सगळ्यात लहान म्हणून ड्रायव्हर आणि काका यांच्या मधल्या जागेवर माझा हक्क असायचा, आणि प्रत्येक गिअरला गुडघे आखडून घ्यावे लागायचे.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट फार थोड्यांनी बोलून दाखवली. ही गाडी कुर्ल्यात बनत होती. लालबहादूर शास्त्री मार्गालगत तिचा कारखाना होता, त्यात पत्र्याला दाबून आकार देणारं प्रेस शॉप होतं, इंजिनाचे भाग कापणारी यंत्रं होती, हजारो कामगार तीन पाळ्यांत येत-जात होते. तो कारखाना आता नाही, कंपनी दिवाळखोरीच्या कज्ज्यात गेली, आणि ज्या शहराने ती गाडी जगात सगळ्यात जास्त वापरली त्या शहराने तिला तिच्या खऱ्या नावाने कधी हाकच मारली नाही. मुंबईकर तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली त्या नावातच आहे.

सुरुवात : परवानगी न मिळालेला उद्योग

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी आयुष्यभर इंग्रजांच्या मक्तेदारीत हात घातला. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटीने, १९४० मध्ये बंगळुरूच्या विमान कारखान्याने, १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याने. मोटारीचा कारखाना हे त्याच माळेतलं स्वप्न होतं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिशीच्या दशकात युरोप-अमेरिका फिरून आले आणि हिंदुस्थानात मोटार बनवण्याची योजना त्यांनी मांडली. वालचंद त्या योजनेमागे उभे राहिले. मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची सहानुभूती होती. दिल्लीच्या ब्रिटिश सरकारने मात्र युद्धकाळात मोटार उद्योगाला युद्धोपयोगी ठरवायला नकार दिला. सैन्याला हजारो ट्रक लागत होते, पण ते बाहेरून सुट्या भागांत येऊन इथे जोडले जाणार, असं त्यांचं गणित होतं.

तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज आणि फार्गो ट्रक, प्लायमाउथ आणि डिसोटो मोटारी. पन्नाशीच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी करार झाला. आधी छोटी फियाट ५०० आली, मग १९५४ मध्ये फियाट ११०० आली. हीच ती डुक्कर फियाट. नाकाडावरून कुणी हे नाव पाडलं ते कुणालाच सांगता येत नाही, पण त्या मॉडेलला मुंबई-पुण्यात आजही जुने लोक दुसऱ्या नावाने ओळखत नाहीत. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडायचे.

या टप्प्यावर सरकारने घेतलेला निर्णय कंपनीच्या पथ्यावर पडला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या, म्हणजे आयातकराबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाच्या, शिफारशीनंतर ठरलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे थारा नाही. टप्प्याटप्प्याने भारतात भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडत होती. तिने आणि फोर्डने गाशा गुंडाळला. मैदानात मोटारींसाठी तीन नावं उरली : कोलकात्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. पुढची तीस वर्षं हा देश या तिघांच्याच गाड्यांत बसला.

बनवता आली, आखता आली नाही

१९६४ मध्ये ११०० डी आली. १०८९ सीसीचं इंजिन, चार दरवाजे, चौकोनी अंग. नंतर पद्मिनी म्हणून आपण ओळखली ती हीच गाडी. इटलीत फियाटने १९६६ मध्ये ११०० डी बंद करून तिची पुढची आवृत्ती आणली आणि १९६९ मध्ये ते सगळं घराणंच बंद केलं. कुर्ल्यात ती विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बनत राहिली. फियाटबरोबरचा करार संपला तेव्हा नाव बदलावं लागलं. आधी प्रीमियर प्रेसिडेंट झालं, मग १९७४ मध्ये मेवाडच्या राणीवरून प्रीमियर पद्मिनी. बोनेटवरची नावाची पट्टी बदलली, पत्रा तोच राहिला.

इथे कुर्ल्याच्या लोकांवर अन्याय करू नये. एका परदेशी गाडीचा एकेक भाग इथे बनवायला शिकणं ही मोठी कामगिरी होती. परकीय चलनाची इतकी चणचण होती की बाहेरून आणायच्या प्रत्येक बेअरिंगसाठी दिल्लीत कागद फिरवावे लागत. काही सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखीव होते, ते कंपनीने स्वतः बनवायचे नाहीत असा दंडक होता. त्यातून मुंबई, ठाणे, पुण्यात शेकडो लहान कारखाने उभे राहिले. गॅस्केट, रबराचे बुश, हेडलाइटच्या रिंगा, सायलेन्सर. महाराष्ट्रातल्या आजच्या सुट्या भागांच्या उद्योगाची मुळं ज्या जमिनीत आहेत, तिच्यात कुर्ल्याचा वाटा मोठा आहे. हळूहळू जवळपास सगळी गाडी देशी झाली.

देशी झाली, पण तिचं रेखाटन आपलं नव्हतं. गाडी बनवणं आणि गाडी आखणं ही दोन वेगळी कसबं आहेत. दुसऱ्याने आखलेल्या दरवाजासाठी साचा घडवायला उत्तम टूल रूम लागते. दरवाजाचा बाक कुठे असावा, इंजिन आडवं बसवलं तर पुढे पाय ठेवायला किती जागा मिळेल, वजन चाळीस किलोंनी कमी केलं तर अपघातात काय होईल, हे ठरवायला वेगळं खातं लागतं, वेगळी माणसं लागतात. चाचणीसाठी मोडून टाकायला गाड्या लागतात, आणि वर्षानुवर्षं परत न येणारा पैसा लागतो. कुर्ल्यात कोऱ्या कागदावरून एकही मोटार आखली गेली नाही.

का नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी दिल्लीत होतं. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर लिहिलेलं असे. कोणत्या भावाने विकायच्या हेही सरकार बघत असे. १९६९ मध्ये मोटारींच्या किमतींवर कायदेशीर बंधन आलं तेव्हा कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. न्यायालयाच्या देखरेखीखाली आयोग बसला, खर्चाचा हिशेब झाला, त्यावर वाजवी नफा धरून भाव ठरवण्याची रीत १९७१ च्या निकालाने पक्की झाली.

या रीतीचा कारखान्याच्या आत काय परिणाम होतो ते बघा. खर्च अधिक ठरावीक नफा, असा भाव मिळणार असेल तर खर्च कमी करण्यात कंपनीचा लाभ नाही. गाडी सुधारण्यातही नाही, कारण वेटिंग लिस्ट वर्षानुवर्षांची होती. नंबर लागलेल्या माणसाने गाडी घेतली की तिची किंमत त्याच दिवशी शोरूमच्या भावापेक्षा जास्त व्हायची; म्हणून तर नवी गाडी दोन वर्षं विकायची नाही असं बंधन सरकारला घालावं लागलं. डावीकडचा दरवाजा नीट लागत नाही, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक गेलं तर विकणाऱ्याने घाबरावं कशाला? त्याच्यामागे चारशे माणसं उभी होती.

आणि सगळ्या देशाचा बाजार तरी केवढा? सत्तरच्या दशकात तिन्ही कंपन्या मिळून वर्षाला तीस-चाळीस हजारांच्या घरात गाड्या बनवत होत्या. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल भडकलं तेव्हा तर आकडा त्याहून खाली आला. मोटार ही श्रीमंतांची चैन, असं सरकारने ठरवलं होतं आणि करही त्या मापाने लावले होते. एवढ्या विक्रीवर नवी गाडी आखण्याचा खर्च निघत नाही, हा कंपनीचा युक्तिवाद खोटा नव्हता. जी काही हमखास मागणी होती ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची. त्यांना नवं मॉडेल नको होतं. त्यांना हवी होती ती कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारी, भाग स्वस्त मिळणारी, अरुंद गल्लीत वळणारी गाडी. पद्मिनीने ते पुरेपूर दिलं.

तेच वर्ष, दुसरी कंपनी

दिल्लीवर सगळा दोष टाकून मला स्वस्थ बसता येत नाही, याचं कारण पुण्यात आहे.

१९५४ मध्ये प्रीमियरने फियाट ११०० सुरू केली. त्याच वर्षी जमशेदपूरला टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने मर्सिडीज ट्रक बनवायला सुरुवात केली. दोघांकडेही परक्यांचे नकाशे, दोघांवरही तोच परवाना, तीच चलनटंचाई. टेल्कोचा करार १९६९ मध्ये संपला, प्रीमियरचा त्यानंतर थोड्याच वर्षांनी. पण तोवर टेल्कोचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी पुण्यात दुसराच घाट घातला होता. १९६६ मध्ये तिथे संशोधन आणि आखणीचं केंद्र सुरू झालं. कारखान्याआधी साचे आणि यंत्रं घडवणारा विभाग उभा केला, शिकाऊ मुलांसाठी प्रशिक्षण उभं केलं. शहाण्यासुरत्या माणसांनाही तेव्हा तो वेडेपणा वाटला असेल, कारण पिंपरीच्या माळावर ट्रकच्या आधी ट्रक बनवणाऱ्या यंत्रांची तयारी चालली होती.

त्याचं फळ वीस वर्षांनी मिळालं. ऐंशीच्या दशकात टोयोटा, माझदा, निस्सान, मित्सुबिशी या चार जपानी नावांनी हलक्या ट्रकमध्ये भारतात भागीदाऱ्या केल्या. टेल्कोने १९८६ मध्ये स्वतः आखलेला ४०७ उतरवला. त्या चौघांपैकी कुणालाही त्याला हलवता आलं नाही, आणि गावोगावी भाजीपासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहणारा तो ४०७ आजही धावतो.

ट्रकला स्पर्धा होती, अशोक लेलँड समोर होती, आणि सरकार ट्रकला चैन मानत नव्हतं, हा फरक मान्य करायलाच हवा. पण प्रीमियरही ट्रक बनवत होती! डॉज आणि फार्गो एके काळी घाटाघाटांत दिसत. क्रायस्लरचा आधार सुटल्यावर तो व्यवसाय झिजत गेला. ज्या बाजारात टेल्को वाढली त्याच बाजारात प्रीमियरचे ट्रक मागे पडले, तेव्हा परवाना राज हे पूर्ण उत्तर होऊ शकत नाही. कुर्ल्याला पन्नास-साठच्या दशकांत नकाशा विकत मिळत होता, आणि नेहमीच मिळत राहील असं तिथे गृहीत धरलं गेलं. मला या प्रकरणात सर्वात जास्त हळहळ वाटते ती इथे.

१९८५ : उसनं अंग

१४ डिसेंबर १९८३ ला गुडगावमध्ये पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती गेली. सुझुकीची भागीदारी, सरकारी कंपनी, जपानी शिस्तीचा नवा कारखाना. कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्यांच्या आयात भागांवर करात सवलत मिळाली, तिचा खरा लाभ मारुतीला झाला. जुन्या कंपन्यांची त्याबद्दलची तक्रार रास्त होती. त्यांना तीस वर्षं परक्या भागांशिवाय गाडी बनवा म्हणून सांगितलं, आणि नव्या कंपनीला भाग आणून जोडायची मुभा दिली.

पण तक्रार रास्त असली तरी उत्तर काय दिलं ते पाहावं लागतं. तिन्ही जुन्या कंपन्यांनी जवळपास एकाच वेळी एकसारखं उत्तर दिलं. हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडमध्ये बंद पडलेल्या व्हॉक्सहॉलच्या साच्यांतून काँटेसा काढली. स्टँडर्डने रोव्हरच्या जुन्या गाडीचं अंग घेऊन स्टँडर्ड २००० आणली. ती काही वर्षांतच बंद पडली आणि कंपनीही घेऊन गेली. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. अंग होतं फियाट १२४ चं, म्हणजे १९६६ सालच्या घराण्यातलं. इंजिन होतं निस्सानचं. नावातलं एनई म्हणजे निस्सान इंजिन, असंच सगळे सांगत.

११८ एनई वाईट गाडी नव्हती. पद्मिनीतून उतरून तिच्यात बसलेल्यांना ती विमानासारखी वाटायची आणि हौशी मंडळी आजही तिच्यावर जीव टाकतात. प्रश्न असा की ती पेट्रोलच्या खर्चात, किमतीत आणि भरवशात मारुतीच्या समोर कुठेच उभी नव्हती. मध्यमवर्गाला स्वस्त, हलकी, न अडणारी गाडी हवी होती. कुर्ल्याने त्याला इटलीतली जुनी सेडान देऊ केली, कारण साचे तेच मिळत होते. स्वतःला आखता येत नसलं की गिऱ्हाइकाला काय हवंय यापेक्षा बाजारात काय विकायला निघालंय यावरून गाडी ठरवावी लागते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातल्या दर तीन मोटारींपैकी किमान दोन मारुतीच्या होत्या. पद्मिनीला शेवटी शेवटी डिझेल इंजिन मिळालं, गिअर दांड्यावरून खाली दोन सीटांच्या मध्ये आला. मुंबईबाहेर तिची विक्री आटत गेली. टॅक्सीवाले होते म्हणून ती इतकी वर्षं तग धरू शकली.

दोन पाहुणे, एक घर

१९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना उठला. साऱ्या जगाचे मोटारवाले भारतात यायला निघाले आणि इथल्या जुन्या कंपन्यांकडे त्यांना हवं असलेलं सगळं होतं : जमीन, कारखाना, विक्रेत्यांचं जाळं, कामगार. प्रीमियरला त्या काळात भागीदार शोधावा लागला नाही. फ्रान्सची प्यूजो आली, डोंबिवलीजवळच्या कल्याण कारखान्यात संयुक्त कंपनी झाली आणि प्यूजो ३०९ बनू लागली. फियाट परत आली. कुर्ल्यात युनो बनवायचं ठरलं.

१९९६ मध्ये युनोच्या नोंदणीला अडीच लाखांहून अधिक अर्ज आले. पैसे भरून! मारुतीच्या दारात थांबून कंटाळलेल्या मध्यमवर्गाने कुर्ल्यावर पुन्हा विश्वास ठेवला होता. माझ्या ओळखीतल्या एका बँकेतल्या कारकुनाने आयुष्यातली पहिली गाडी म्हणून तिचा अर्ज भरला होता आणि पावती देव्हाऱ्यात ठेवली होती. गाड्या मात्र वेळेवर बाहेर पडल्या नाहीत. कारखान्यात संप झाला, उत्पादन अडखळलं, लोकांनी पैसे परत मागितले. प्यूजोकडेही तीच रड होती. १९९७ मध्ये प्यूजोने भागीदारीतून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी फियाटशी नवी संयुक्त कंपनी झाली आणि पुढच्या काही वर्षांत कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या ताब्यात गेला.

या काळाबद्दल बोलताना कामगारांकडे बोट दाखवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सत्तरच्या दशकापासून डॉ. दत्ता सामंत यांच्या संघटनेचा कुर्ल्यात जोर होता, संप आणि टाळेबंदी मुंबईच्या कारखान्यांना नवी नव्हती, हे खरं आहे. पण त्या माणसांच्या जागी उभं राहून बघा. ज्या कंपनीत वीस वर्षं पद्मिनी बनवली ती कंपनी एक कारखाना फ्रेंचांना देतेय, दुसरा इटालियनांना देतेय. आपण उद्या कुणाचे नोकर, पेन्शन कुणाकडे, जुनी पाळी धरायची की नवी, पद्मिनी बंद झाली तर त्या लाइनवरच्या माणसांचं काय, याची स्वच्छ उत्तरं त्यांना हवी होती. गिरणी संपात होरपळलेल्या शहरातल्या कामगाराला शंका घेण्याचा पुरेपूर अधिकार होता. संपाने युनो अडली, हे मी मानतो. संपाने प्रीमियर बुडाली, हे मला पटत नाही.

आणि त्या गाड्या तरी कशा होत्या? प्यूजो ३०९ चं उत्पादन युरोपात १९९३ मध्येच थांबलं होतं. युनो इटलीत १९८३ मध्ये आली आणि १९९५ मध्ये तिथे बंद झाली. ११०० डी, १२४, ३०९, युनो. चाळीस वर्षांच्या अंतराने तीच चाल पुन्हा, फक्त १९९६ च्या गिऱ्हाइकासमोर आता देवू, फोर्ड, ओपेल यांचे पर्याय उभे होते आणि दोन वर्षांनी ह्युंदाईची सँट्रो येणार होती.

डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यातून टेल्कोची इंडिका बाहेर पडली. तिच्या अंगाची रेषा ट्युरिनच्या एका आखणी संस्थेकडून घेतली होती, म्हणजे फियाटच्याच गावातून. पण ती रेषा टाटांनी सांगितलेल्या मापांवर आखली गेली आणि तिची मालकी टाटांची होती. अँबेसेडरइतकी जागा, मारुतीच्या जवळपास किंमत, डिझेलचा खर्च, असा तो सांगावा होता. ऑस्ट्रेलियात बंद पडलेला निस्सानचा कारखाना उचलून, सोडवून, बोटीने आणून पिंपरीत उभा केला. सतराशे कोटींचं धाडस होतं. पहिल्या आठवड्याभरात एक लाख पंधरा हजारांच्या आसपास नोंदण्या झाल्या. पहिल्या गाड्यांत दोष भरपूर निघाले, गिऱ्हाईक चिडलं, आणि पुण्याच्या लोकांनी ते दोष दुरुस्त करून २००१ मध्ये सुधारलेली आवृत्ती आणली. त्यांना ते करता आलं, कारण कोणता स्क्रू कुणी आणि का तिथे ठेवला हे त्यांना माहीत होतं. युनोत तसाच दोष निघाला असता तर कुर्ल्याला इटलीला पत्र लिहावं लागलं असतं.

उरलं ते

नवं शतक उजाडताना पद्मिनीचं उत्पादन थांबलं. प्रदूषणाचे नवे नियम आले होते आणि त्या इंजिनात ते बसवणं आता कुणालाच परवडणारं नव्हतं. प्रीमियरने चिंचवडला यंत्रं बनवण्याचा व्यवसाय चालू ठेवला. तो तिचा चांगला व्यवसाय होता, आणि तिथल्या यंत्रांचा नावलौकिकही होता. २००९ मध्ये कंपनी पुन्हा मोटारीत आली, रिओ नावाची चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही घेऊन. गाडी चीनच्या झोट्ये कंपनीची होती, इंजिन प्यूजोच्या घराण्यातलं. इतक्या वर्षांनी, इतकं सगळं भोगून झाल्यावरही नकाशा बाहेरचाच होता, हे वाचून मला तेव्हा खरोखर वाईट वाटलं होतं. रिओ फार थोड्या विकल्या गेल्या. २०२१ मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेलं.

तिच्या दोन्ही जुन्या सवतींचं असंच झालं. उत्तरपाड्याचा अँबेसेडर कारखाना २०१४ मध्ये बंद पडला आणि २०१७ मध्ये अँबेसेडर हे नाव ऐंशी कोटी रुपयांना विकलं गेलं. घेणारी कंपनी होती प्यूजो, वीस वर्षांपूर्वी कल्याणहून निघून गेलेली.

कुर्ल्याची जमीन बांधकामात गेली. विमानतळालगतच्या झोपडपट्टीवासीयांसाठी बांधलेल्या इमारती त्याच आवारात उभ्या राहिल्या, त्यांच्या पलीकडे उंच मनोरे झाले. प्रीमियर रोड हे नाव पत्त्यांवर राहिलं आहे. डोंबिवलीत कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियर मैदानात सभा भरतात. सभेला आलेल्या तरुण मुलांना हे नाव कशावरून पडलं ते विचारून पाहिलं. एकाने बिल्डरचं नाव असेल म्हणून सांगितलं.

फियाटने कुर्ला सोडलं आणि पुण्याजवळ रांजणगावला टाटांबरोबर भागीदारीत नवा कारखाना उभा केला. तिथून आधी फियाटच्या गाड्या निघाल्या, मग त्या खपेनाशा झाल्या आणि २०२० उजाडेपर्यंत फियाट हे नावच भारतातल्या शोरूममधून गेलं. कारखाना मात्र चालू आहे. फियाटच्या त्या लाइनवर आज टाटांची नेक्सॉन बनते, आणि तिचे नकाशे टाटांच्या मालकीचे आहेत.